उसना थेंब

मुलीच्या ताटलीत उरलेलं ती ओट्याशी उभी राहून खायची. बसून खाल्लं ते जेवण, आणि उभ्यानं तोंडात टाकलं ते नुसतं आवरणं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. जॅम लागलेल्या पावाच्या कडा. दुधात भिजून लगदा झालेलं बिस्किट. पाच वर्षांच्या बाईसाहेबांनी एक चावा घेऊन ‘काळं आहे’ म्हणून बाजूला सारलेलं केळं. अन्न टाकायचं नाही हे वळण लहानपणापासूनचं होतं, पण खरं सांगायचं तर वळणबिळण काही नव्हतं. तिला ते आवडायचं. कुणी बघत नसलं की जास्तच.

मुलगी पोटात असताना तिला साखर निघाली होती. बाळंतपण झालं की आपोआप जाईल, असं ज्यानं त्यानं सांगितलं. मुलगी बाहेर आली, साखर आतच राहिली. तेव्हापासून दोन वेळच्या गोळ्या, चालणं आणि बोट टोचून आकडा बघायचं ते छोटं मशीन. गोळ्या ती घ्यायची. चालणं दुकानात जाण्या-येण्यात होतंच, असं म्हणायची. मशीन मात्र टॉवेलांच्या कप्प्यात अगदी तळाशी असायचं. सुईला ती भीत नव्हती. भीती होती ती आकड्याची. शाळा-कॉलेजात पहिल्या वर्गाखाली कधी न उतरलेली ही बाई. सकाळी सकाळी उपाशीपोटी प्रगतिपुस्तक बघायचं आणि त्यात नापास, हे तिला सोसायचंच नाही. त्यापेक्षा न बघितलेलं बरं.

नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो आला-गेला त्याला कौतुकानं सांगायचा, हिचं बघा, एकदम काटेकोर, चहात चिमूटभरसुद्धा साखर नाही. ते खरंच होतं. चहात नव्हती.

दवाखान्यात मधुमेहाच्या पेशंटांचं सगळं एक सिस्टर बघायच्या. आवाज कधी न चढवणाऱ्या. त्या मशीनचं बटण दाबत जायच्या आणि आत साठलेले आकडे एकेक करून वहीत उतरवून घ्यायच्या. गेल्या खेपेला बटण दोनदाच दाबावं लागलं. सिस्टर तिच्याकडे बघून म्हणाल्या होत्या की, पुढच्या वेळी निदान शेवटच्या आठवड्याचे रोजचे सकाळचे आकडे हवेत, आणि ते खाली आलेले हवेत, नाहीतर डॉक्टर इन्सुलिन सुरू करतील. इन्सुलिन काही शिक्षा नसते, हेही त्यांनी सांगितलं. तिला मात्र पुढचं काही ऐकूच आलं नाही. इन्सुलिन म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायची वस्तू. घरात सगळ्यांना दिसणारी. म्हणजे नवरा विचारणार, आणि मग उभ्यानं खाल्लेलं सगळं एका ओळीत बाहेर येणार.

तारीख दहा दिवसांवर आली तेव्हा मशीनमध्ये तीन आकडे होते आणि तिन्ही लाज आणणारे होते. मग ती ताईंकडे गेली.

ताई म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर एका खोलीत राहायच्या. नवऱ्याशी पटेना म्हणून घर सोडलं तेव्हा ताईंकडे दोन बॅगा आणि गाडी चालवायचं लायसन्स एवढंच होतं. त्यातल्या लायसन्सवर त्यांनी संसार उभा केला. शाळेची व्हॅन चालवायच्या. दहा मुलं, त्यांत एक त्यांची भाची, खिडकीजवळच्या जागेची पक्की मालकीण. ताई मोठ्यांदा बोलायच्या, मोठ्यांदा हसायच्या आणि पदवीधर भावजयीला सरळ तोंडावर ‘मॅडम’ म्हणायच्या. अलीकडे तर भलत्याच खुशीत होत्या. डाएट नाही की काही नाही, दोन महिन्यांत चांगल्याच उतरल्या होत्या. दहा वर्षांपूर्वीचे ड्रेस पेटीतून काढून घालायच्या आणि जिन्यात भेटेल त्याला दाखवायच्या.

तिनं घशाशी आलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. आठवडाभर रोज सकाळी एक थेंब. ताईंच्या बोटाचा, तिच्या मशीनमध्ये. ताई आधी दोन मिनिटं हसल्या. रक्त दिलं की बिस्किटाचा पुडा मिळतो म्हणे, तू काय देणार, असं विचारलं. मग तिचा उतरलेला चेहरा बघून हसू आवरलं.

“एवढी कशाला भितेस गं त्या सिस्टरला? ती काय तुझी सासू आहे?”

“ताई, यांना सांगू नका हं.”

“माझा भाऊ आहे तो. त्याला काय सांगायचं आणि काय नाही, ते मी तो रांगत होता तेव्हापासून ठरवतेय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, व्हॅन काढायच्या आधी, ताई वर आल्या. नवरा आंघोळीला गेलेला, मुलगी मोजे शोधत होती. तिनं नवी सुई लावली, ताईंचं बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला. ताई पाण्याची बाटली तोंडाला लावून उभ्या होत्या. पडद्यावर आकडा आला, दोनशे अडुसष्ट.

तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते तिला पुढे कितीतरी दिवस पुसता आलं नाही. ताईंना काय झालंय, हे नाही आलं. आलं ते असं की, आता हाही वाईट आकडा माझ्या मशीनमध्ये बसला, आणि तो काही पुसता येत नाही.

ताईंच्या बोटाला काहीतरी गोड लागलं असेल म्हणून तिनं त्यांना साबणानं हात धुवायला लावले. दुसरं बोट टोचलं. दोनशे चौऱ्याहत्तर. ताई विचारायला लागल्या की, पास झालो का आपण?

“मशीन बिघडलंय,” ती म्हणाली. “पट्ट्या जुन्या झाल्यात बहुतेक.”

“बघ, मी म्हटलं नव्हतं? मशीनवर कसला विश्वास ठेवतेस.” आणि ताई बोट चोखत, किल्ल्या वाजवत जिना उतरल्या.

त्या गेल्यावर तिनं त्याच डबीतली पट्टी घेतली आणि स्वतःचं बोट टोचलं. एकशे एकाहत्तर. तिचा नेहमीचाच आकडा, ओळखीचा, जुन्या भाडेकरूसारखा. म्हणजे मशीन ठणठणीत होतं. पट्ट्याही.

आणि तेव्हा, मशीन हातात धरून उभी असताना, तिला किंचित बरं वाटलं. अगदी किंचित, पण वाटलं. घरात आपण एकट्याच नाही आहोत. आपल्यापेक्षा वाईट आकडा असलेलं माणूस आहे, आणि ते तर उभ्यानं काही खातही नाही. हे जाणवलं तशी तिनं मशीन टॉवेलांखाली असं खुपसलं जणू ते कुणाचं चोरलेलं होतं.

संध्याकाळी सांगू, असं तिनं ठरवलं. संध्याकाळी ताई भाचीला पाठीवर घेऊन घोडा झाल्या होत्या, तिथे कसं सांगणार? उद्या सांगू. पण सांगायचं म्हणजे ताईंना दवाखान्यात न्यायचं, सिस्टरांसमोर बसवायचं. सिस्टर विचारणार, तुम्हाला संशय आला कशावरून? म्हणजे ताईंचं दुखणं सांगायचं तर आधी आपली लबाडी सांगावी लागणार. तिनं डोक्यात हे वाक्य वीसेक तऱ्हांनी जुळवून पाहिलं. एकाही तऱ्हेत ती सुटत नव्हती. तारीख होऊन जाऊ दे, मग शांतपणे सांगू, असं शेवटी ठरलं. नऊ-दहा दिवसांनी काय बिघडतंय?

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मालक नंबर काढायचे. काचा फ्रेमच्या मापाला घासून बसवायच्या, नाकावरचं टेकण सारखं करायचं, दांड्या कानाला बेतायच्या, हे तिचं काम. तिसऱ्या दिवशी दुपारी ताई दुकानात हजर. नव्या चष्म्यातून पाट्या पुसट दिसतात म्हणाल्या, हिनं काचा उलट्यासुलट्या बसवल्या असणार. तो चष्मा दीड महिन्यापूर्वीच तिनं करून दिला होता.

मालकांनी ताईंना खुर्चीत बसवून नंबर काढला. मग जुनं कार्ड मागवलं, पुन्हा काढला. मालक म्हातारे, चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघत आलेले. त्यांनी कार्ड खाली ठेवलं आणि विचारलं की, दीड महिन्यात नंबर इतका सरकत नसतो, घरात कुणाला साखर आहे का?

दुकानात तिनं आपल्या साखरेबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. सोबतच्या बायका डब्यातलं पुढे करायच्या तेव्हा पोट भरलंय म्हणायची, आणि कधीकधी नाही म्हणायची नाही. ताईंना हे माहीत होतं. ताईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग मालकांकडे वळून ठासून म्हणाल्या, “छे हो. आमच्याकडे सगळे ठणठणीत. साखर फक्त डब्यात.”

आणि तिला डोळा मारला. तुझी झाकली मूठ मी उघडणार नाही, असा तो डोळा होता. ती काच पुसत राहिली. आधीच स्वच्छ असलेली काच.

मालकांनी सांगितलं की, तरी एकदा रक्त तपासून घ्या, तोवर नवा चष्मा करू नका, फुकट जाईल. ताई म्हणाल्या, बघू नंतर, उद्या सकाळी गाडी काढायची आहे, मला आज दिसलं पाहिजे. मालकांनी खांदे उडवले. आणि तिनं त्याच संध्याकाळी, काचा घासायच्या चाकावर पाण्याची धार सोडून, नव्या नंबराच्या काचा घासल्या. आज डोळ्यांना जुळणाऱ्या या काचा, साखर वरखाली झाली की पुन्हा निकामी होणार, हे त्या दुकानात मालकांखालोखाल तिलाच कळत होतं. काम मात्र तिनं सुरेख केलं. कडा इतक्या साफ आल्या की मालकांनी हातात घेऊन दोनदा पाहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून ती मुलीला शाळेत चालत न्यायला लागली.

घरी सांगितलं, सिस्टरांनी चालायला सांगितलंय, एका कामात दोन कामं. नवरा हरखून गेला. रात्री फोनवर आपल्या मावशीला सांगत होता, मनावर घेतलं की ही मागे हटत नाही. मुलगी तेवढी कुरकुरली. तिला आत्याची व्हॅन हवी होती, खिडकी हवी होती, आत्या वळणावर ‘धरा घट्ट’ म्हणून ओरडायची ते हवं होतं. ताईंना थोडं लागलं असावं. खिडकीची जागा मी कुणाला देणार नाही, चालून कंटाळलीस की ये, असं त्यांनी भाचीला सांगितलं. ती मुलीचा हात घट्ट धरून भराभर पुढे गेली. पाठीमागून व्हॅन यायची, हॉर्न द्यायची, नऊ हात खिडकीतून हलायचे. व्हॅन चौकाकडे नीट वळेपर्यंत तिची नजर मागच्या चाकांवरून हलायची नाही.

आपण काय करतोय ते तिला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. फक्त ती त्याला नाव देत नव्हती.

नवव्या दिवशी, म्हणजे दवाखान्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी, ती मुलीला फाटकात सोडून वळली आणि तिनं व्हॅन येताना पाहिली. वेग काही फार नव्हता. पण फाटकापाशी वळताना व्हॅननं वळण जरा उशिरा घेतलं आणि डावं पुढचं चाक धाडकन फुटपाथवर चढलं. तिथे एक आजोबा नातीचं दप्तर घेऊन उभे होते. ते दोन पावलं मागे सरले, दप्तर खाली पडलं. व्हॅन थांबली. आत एक मुलगा रडायला लागला, मग दुसरा. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. ताई खाली उतरल्या, आजोबांची माफी मागितली, दप्तर झटकून दिलं, रडणाऱ्यांना गुदगुल्या करून आत पाठवलं. जमलेल्या आयांना म्हणाल्या, नवा चष्मा आहे, अजून सवय नाही. एक आई हसली सुद्धा, म्हणाली की चालायचंच, आमच्या ह्यांचंही असंच होतं.

गर्दी पांगली. ताई पुन्हा गाडीत बसल्या, पण किल्ली फिरवेनात. ती पलीकडचं दार उघडून शेजारी बसली. गाडीत मुलांच्या खाऊचा आणि ओल्या मोज्यांचा वास होता.

“ताई, मशीन बिघडलेलं नव्हतं.”

ताईंना आधी कळलंच नाही कुठलं मशीन. मग कळलं. त्यांनी नवा चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“किती होती माझी?”

“दोनशे अडुसष्ट. मग दोनशे चौऱ्याहत्तर.”

“आणि तुझी किती असते?”

“त्या दिवशी एकशे एकाहत्तर होती.”

“म्हणजे यात पण मीच पुढे.” ताई हसल्या, सवयीनं. हसता हसता त्यांनी मान वळवून मागच्या मोकळ्या जागांकडे पाहिलं आणि हसू तिथेच राहिलं. खिडकीजवळच्या जागेवर त्यांनी आठवडाभर खरंच कुणाला बसू दिलं नव्हतं. तिथे त्यांची जेवणाची पिशवी ठेवलेली होती. 

“पोरीला कधीपासून चालत नेतेस तू?”

ती समोरच्या काचेवरचा डाग बोटानं पुसायला लागली.

“चष्मा केलास त्याच्या दुसऱ्या दिवसापासून,” ताईंनी स्वतःच मोजलं. त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता, आणि तिला तो चढायला हवा होता. “आपलं तेवढं उतरवून घेतलंस. बाकीची नऊ कुणाची होती गं?”

 ती रडायला लागली तेव्हा ताई म्हणाल्या, रडू नकोस, मला आत्ता तुझी समजूत काढायची नाहीये.

गाडी तिथेच ठेवून, वाटेत घरून मशीन घेऊन, दोघी दवाखान्यात चालत गेल्या. ताई दोन पावलं पुढे, ती मागे. उद्याची तारीख आज चालेल का, असं तिनं खिडकीत विचारलं आणि सिस्टरांनी आत बोलावलं. या वेळी तिनं मशीन टेबलावर ठेवून, बटण दाबायच्या आधीच, सांगून टाकलं की हे दोन आकडे माझे नाहीत, ताईंचे आहेत, आणि ते का आहेत. सिस्टरांनी ताईंचं बोट टोचलं. काही न खाता निघालेल्या ताईंची साखर तीनशेच्या पुढे होती. मग सिस्टरांनी दोन-तीनच गोष्टी विचारल्या. तहान लागते का, वारंवार उठावं लागतं का, वजन उतरलंय का. वजनाचं ऐकल्यावर ताईंनी अंगावरच्या जुन्या ड्रेसकडे पाहिलं आणि मान हलवली.

डॉक्टरांनी ताईंना तपासलं, औषधं लिहून दिली आणि नजर स्थिर होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही असं सांगितलं. काही आठवडे तरी लागतील. ताईंनी फक्त विचारलं, किती आठवडे? ते नक्की सांगता येणार नाही, असं उत्तर आलं.

तिला सिस्टरांनी मागे थांबवलं. तिची तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी दर खेपेला होतच असते, असं त्या म्हणाल्या. मशीनमध्ये कुणाचेही आकडे भरले तरी सरासरी तुमच्याच रक्ताची येते. आठवडाभराचे छान आकडे आणले असते तरी तो कागद इथे माझ्यासमोर पडलाच असता. बऱ्याच जणांचं असं होतं, कुणी वहीत मनानं लिहून आणतात, कुणी आदल्या दिवशी उपाशी राहतात. हे सगळं सिस्टर अशा सुरात बोलत होत्या जसं कुणी बसची वेळ सांगावी. त्या रागावल्या असत्या तर तिला कुठेतरी तोंड लपवता आलं असतं. इन्सुलिनचं काय करायचं ते नवा कागद आला की ठरवू, म्हणाल्या. पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या. तिनं हो म्हटलं.

बाहेर बाकावर ताई फोन घेऊन बसल्या होत्या. मुलांच्या घरी कळवत होत्या. दुपारी सुटताना ज्यानं त्यानं आपापलं मूल न्यावं, उद्यापासूनही गाडी येणार नाही, माझ्या डोळ्यांचं जरा निघालंय. तिसरा फोन संपला. ताईंनी डोळ्यांचंच सांगितलं होतं, तिन्ही वेळा. भावजयीचं नावही काढलं नव्हतं. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

ताईंनी फोन तिच्यापुढे धरला.

“सहा उरलेत. मला अक्षरं दिसत नाहीयेत नीट. तू कर.” मग समोरच्या भिंतीकडे बघत, “आणि डोळ्यांचं सांगू नकोस. जे आहे ते सांग.”

तिनं यादीतलं पुढचं नाव लावलं. ही तीच आई, सकाळी फाटकाशी हसलेली. तिनं आधी स्वतःची ओळख दिली, व्हॅनवाल्या ताईंची भावजय म्हणून. मग गाडी येणार नाही ते सांगितलं. मग कारण. ताईंना साखर निघालीय, त्यानं त्यांची नजर बिघडलीय, आणि हे त्यांना आज कळलं. मला आधीपासून ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. माझी मुलगी मी गाडीतून काढून घेतली होती.

पलीकडे मागे कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाला.

“किती दिवसांपासून ठाऊक होतं तुम्हाला?”

“नऊ,” ती म्हणाली.

फोन कट झाला. ताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं यादीतलं पुढचं नाव लावलं.